आजोबा ठणठणीत आहेत

अहो नाही सर, तो मी नव्हतोच. माझ्यासारखा दुसरा कुणी असेल. माझ्या चेहऱ्याची माणसं फार आहेत या भागात — एक मी, एक तो कोपऱ्यावरचा किल्लीवाला. त्याची बायको एकदा मला बाजारातून हाताला धरून घरी घेऊन निघाली होती. अर्ध्या वाटेत म्हटलं, वहिनी, मी तो नाही. तर म्हणाली, चला गुमान, रोजची नाटकं आहेत तुमची. जेवून आलो, काय करणार? — हसू नका, खरं सांगतोय. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नुसता दाखवायला आहे. त्या गाठोड्यावर बसा, मऊ आहे. आणि शर्टाचं म्हणाल तर मी आधीच माफी मागितलीय. कपड्यांवर पाणी शिंपडताना हात जरा लांब गेला, तांब्या निसटला, तुम्ही नेमके दारात. वाळतोय आता. वाळला की इस्त्री फिरवतो, कडक करून देतो. बनियनवर कुठं निघालात? शाळेत? मोठ्या बाईंच्या समोर? मुख्याध्यापिका आहेत हो त्या, चक्कर येऊन पडतील.

काय म्हणालात? निळ्या रेघांचा? अहो, निळ्या रेघांचे शर्ट काय कमी आहेत सर, अर्धं गाव निळ्या रेघांत फिरतंय. काल शाळेत त्या पोरीच्या, बोचकीच्या बापानं निळ्या रेघांचा शर्ट घातला होता म्हणून तो तुमचा कसा होईल? — खिशाखाली डाग? लाल शाईचा? वाटाण्याएवढा, शेपटीवाला? हां. आता शेपटीपर्यंत गेलात म्हणजे — बरं. बरं बाबा. होतो मी. पण सर, तुमचा आहे हे माहीत असतं तर घातला असता का? शपथेवर सांगतो. आम्हा इस्त्रीवाल्यांना माणूस कळतच नाही, कपडा कळतो. आमच्या डोक्यात नावं नसतात, डाग असतात. ग्रीसवाला, चहावाल्या बाई, पानाची पिंक, जळकी बाही. तुमचे कपडे तुमच्या बहीणबाई आणून टाकतात. त्या कधी म्हणाल्या का, हे शाळेतल्या सरांचे म्हणून? म्हणतात, आमच्या दादाचे. दादा काय, गल्लीत दगड मारला तर दादाला लागेल. मी मनात लिहून ठेवलं — लालशाई. मला वाटत होतं कुठल्यातरी ऑफिसात हिशेब तपासत असेल हा लालशाई. मुलांचे पेपर तपासत असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि काल सकाळी ढिगात सगळ्यात सरळमार्गी शर्ट तोच होता. बाप वाटावं असा. म्हटलं, चला.

काय वेळ आली सांगा! तुमच्या समोर तुमच्याच शर्टात बसलो. तुम्ही म्हणताय, "तुमच्या मुलीची हजेरी फार कमी आहे, पालकांनी येऊन कारण सांगितल्याशिवाय परीक्षेला बसवता येणार नाही," — आणि बोलता बोलता तुमची नजर घसरली ती थेट खिशावर. मी पोट आत घेतलं. मला वाटलं बटण उघडं आहे. तुम्ही पुढं वाकलात, मी मागं वाकलो. तुम्ही म्हणालात, "हा शर्ट कुठून घेतलात?" मी म्हटलं, "सासऱ्यांनी दिला." सासऱ्यांनी! काल रात्री ही आमची बायको हे ऐकून इतकी हसली, म्हणाली, माझ्या बापानं जन्मात कुणाला रुमाल दिला नाही, शर्ट कुठून देतोय.

हो हो, पहिली वेळ नव्हे. आता बनियनवर बसलेल्या माणसाशी काय खोटं बोलायचं? शाळेच्या समोर दुकान आहे ना माझं, पोरं सुटली की इथंच घुटमळतात. कुणाचा बाप ट्रकवर, कुणाची आई दोन-दोन कारखान्यांत, कुणाच्या घरी आज सकाळीच भांडीकुंडी दाराबाहेर आलेली. आणि तुमची शाळा काय म्हणते? पालकांना घेऊन ये. कुठून घेऊन येणार? मग माझ्याकडं येतात. मामा, येता का. मामाकडं कपडे आहेत! शंभर घरांचे कपडे आहेत! ट्रकवाल्याच्या पोराच्या वर्गात मी त्या मोठ्या हॉटेलच्या दरवानाचा कोट घालून गेलो होतो — खांद्यावर सोनेरी दोऱ्या, पितळी बटणं. बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, आपण सैन्यात का? मी म्हटलं, असंच, उभं राहायचं काम आहे. म्हणाल्या, सीमेवर? मी म्हटलं, दारावरच म्हणा. त्या पोराला त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसवलंय. आणि एकदा डॉक्टरांचा पांढरा कोट — तो घालायला नको होता. व्यायामाच्या सरांनी तिथल्या तिथं पॅन्ट वर करून गुडघा पुढं केला. आता इस्त्रीवाला काय औषध सांगणार? म्हटलं, गरम शेक द्या, झोपताना. बरा झाला हो गुडघा! अजून रस्त्यात दिसले की हात जोडतात.

हसलात. बरं वाटलं. मग आता मोठ्या बाईंकडं जायचं काही कारण उरलं नाही, काय? — उरलं? नियम आहे? माहीत आहे नियम आहे. त्या पाचला परीक्षेच्या याद्यांचं कपाट बंद करतात आणि त्याच्या आत तुम्ही सांगायचं की कालचा बाप खरा होता का. आणि खोटा असेल तर पोरीला उद्या परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं. सगळं माहीत आहे मला. जरा कोळसा फुलू द्या. इस्त्री गार आहे अजून.

तुम्ही तिला बोचकी म्हणत नसाल ना? हजेरीतलं नाव वेगळं आहे. इथं सगळे बोचकीच म्हणतात. दप्तर बघितलंत तिचं? बघितलंत. तुम्हीच तर रागावला होतात म्हणे — रोज सगळ्या विषयांची पुस्तकं कशाला आणतेस, वेळापत्रक लाव भिंतीवर, बघून दप्तर भर. बरोबर आहे तुमचं. पाठीचा कणा वाकेल, सगळं कबूल. पण कुठली भिंत? दप्तरात फक्त पुस्तकं नसतात सर. खाली एक फ्रॉक असतो, टॉवेल असतो, दात घासायचा ब्रश साबणाच्या डबीत असतो, आणि आईचा एक फोटो, त्यात आईचं अर्धंच डोकं आलंय. सकाळी घरून निघाली की संध्याकाळी त्याच घरी परत जायचंय याची खात्री नसते, मग काय करणार? सगळं घेऊन निघते. मी एकदा थट्टेनं म्हटलं, एवढंच कशाला, पलंगही घे. तर म्हणाली, पलंग त्या लोकांचा आहे ना मामा.

त्या लोकांचा म्हणजे — आई तिची म्हाताऱ्यांकडं असते. अंथरुणाला खिळलेल्या. दिवसरात्र तिथंच राहायचं, त्यांचं सगळं करायचं, कोपऱ्यात गादी टाकायची. काही घरची माणसं पोरीला येऊ देतात, काही देत नाहीत. बाप आहे. नाही असं नाही, अधूनमधून असतो. भाड्याच्या सायकलीसारखा, आज या दारात, उद्या त्या दारात, आणि ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं घंटी तेवढी वाजवतो. त्याचं सोडा. तर होतं काय, की म्हातारं माणूस आहे तोवर नोकरी आहे, आणि नोकरी आहे तोवर घर आहे. म्हातारं गेलं, की तिसऱ्या दिवशी — जरा बाई, खोली रिकामी करायची आहे, पाहुणे येणारेत. मग ही मायलेकरं दुसऱ्या टोकाला. तिथून शाळा लांब. मग गैरहजर. मग तुम्ही विचारणार, पालक कुठं आहेत.

आता गंमत ऐका. तुम्ही तिच्या मार्कांचं कोडं घातलं होतंत मला काल. म्हणालात, "ही मुलगी मला कळत नाही. पहिल्या चाचणीत तिसरी आली, सहामाहीत तीन विषयांत नापास, नंतर पुन्हा वर." तुम्ही अभ्यासात कारण शोधताय सर, कारण अंथरुणात आहे! पहिल्या चाचणीला त्या जाड्या आजी होत्या — दम्याच्या, पण चिवट. मस्त निघाली चाचणी. सहामाहीच्या आदल्या दिवशी आजी गेल्या. बोचकी दोन पेपरांना आलीच नाही, तिसऱ्याला आली ती कुठल्याशा बसस्टँडवरून, उपाशी, झोपली बाकावर. तुम्ही उठवलंत तेव्हा म्हणे तिनं पेपरावर फक्त नाव लिहिलं होतं, तेही छान अक्षरात. आता तिच्या मार्कांचा कागद काढा आणि म्हाताऱ्यांच्या नाडीचा कागद काढा. एकावर एक ठेवा. रेघ एकच! ती पोरगी नव्या घरात गेली की आधी काय विचारते ठाऊक आहे? बाकीची पोरं विचारतील टीव्ही आहे का. ही विचारते, आजोबांना शुगर आहे का? आई म्हणाली, नाही. म्हणाली, मग वार्षिक परीक्षा निघेल.

हे आत्ताचे आजोबा तसे लॉटरीच होते. अर्धं अंग गेलेलं, बोलता येत नव्हतं, पण हृदय घोड्याचं. आणि त्यांना ऐकायला आवडायचं! ही संध्याकाळी पलंगाशेजारी बसून सगळे धडे मोठ्यानं वाचायची. इतिहास, भूगोल, काय मिळेल ते. चुकली की आजोबा पलंगाच्या दांडीवर बोट आपटायचे, टक, टक. मी म्हटलं, अगं, त्यांना माशी बसत असेल. तर माझ्यावर चिडली. म्हणाली, आजोबांना सगळं येतं. आणि बघा ना, मार्क चढलेच की नाही? तुम्हीच म्हणालात, गेल्या दोन महिन्यांत निबंध इतके सुधारलेत की तुम्ही वर्गात वाचून दाखवलेत. काल तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी तुमच्या शर्टात जरा ताठ बसलो होतो. आलं असेल लक्षात. — तो कालचा शर्ट देऊ? तोच घालून जाता? तो — तो धुवायला टाकलाय. बाही ओली झाली होती. घाम हो. घाम कुठंही येतो, बाहीला येऊ नये असं आहे का कुठं? तर सांगत काय होतो, आजोबा होते तोवर ही —

होते म्हणालो का मी?

आहेत. आहेत हो. जीभ घसरते, मला सकाळपासून दोन दात दुखतायत. ठणठणीत आहेत आजोबा. कालच — सर, असं बघू नका. उठू नका! नाही, खरंच उठू नका, बसा तसेच, गाठोडं सुटेल. ते गाठोडं ना — कसं सांगू — त्याच घरचं आहे. चादरी आहेत. सगळ्या. उशांचे अभ्रेसुद्धा. त्यांच्या सूनबाई आज सकाळी देऊन गेल्या, म्हणाल्या, सगळं कडक इस्त्री करून ठेवून द्यायचंय. आता तुम्ही शिकलेले आहात, सांगा, आजारी माणसाच्या पलंगावरच्या सगळ्या चादरी एकदम कधी येतात इस्त्रीला? हां. गेल्या आठवड्यात. झोपेतच. टक नाही की टुक नाही.

पोरीला माहीत नाही. आई इथं आली, याच फळकुटाला धरून उभी राहिली. म्हणाली, मामा, परीक्षा तोंडावर आलीय, हिला कळलं तर पुन्हा सहामाही होईल. मी म्हटलं, बाई, ते माझ्यावर सोड. आयुष्यभर थापा मारल्या त्या आता नाही कामाला येणार तर कधी येणार? आई नवं घर शोधत फिरतेय, एका ओळखीच्या बाईच्या व्हरांड्यात झोपते. आणि बोचकी आमच्याकडं. तिला सांगितलं, आजोबांच्या नातवंडांची गर्दी झालीय तिथं, अभ्यास होणार नाही, परीक्षा संपेपर्यंत मामींकडं राहा. आमच्या हिच्या शेजारी झोपते. ही घोरते, पोरगी तक्रार करत नाही, उलट म्हणते, आवाज असला की बरं, माणूस आहे हे कळतं.

आणि रोज संध्याकाळी मी बातमी देतो. चादरी पोचवायला गेलो होतो, आजोबा भेटले! आज दूध प्याले. आज सुनेवर डोळे वटारले. आज भिंतीवरच्या पालीकडं बघून हसले. रंगत गेलो हो मी. परवा तर सांगितलं, आजोबांनी अख्खं सफरचंद खाल्लं, कराकरा. पोरगी थांबली. पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "मामा, आजोबांना दात नाहीत." माझी इस्त्री जिथल्या तिथं थांबली — ही बघा, पॅन्ट जळली तिथं, ग्रीसवाल्याची, अजून त्याला सांगितलं नाही. तिनं पॅन्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पेन्सिल उचलली आणि म्हणाली, "कवळी बसवली असेल." आणि पुढचा धडा वाचायला लागली, मोठ्यानं. मधे एका शब्दाला अडखळली. अडखळली आणि स्वतःच टेबलावर बोट आपटलं. टक, टक. मग नीट वाचला.

आता सांगा सर, कोण कुणाला थापा मारतंय? मला रात्रभर झोप नाही. माझ्याहून भारी निघाली पोरगी. तिला ठाऊक असेल तर असो. नसेल तर नसो. पण ती बातमी मागते, रोज. दप्तर ठेवलं की पहिला प्रश्न तोच. आणि मिळाली की गणितं सोडवते. तेल घातलं की यंत्र चालतं तशी. मग मी तेल खरं का खोटं बघत बसू?

काय? तिच्या आईनं यायला हवं होतं? आली असती हो. आली असती तर तुम्ही पत्ता विचारला असता. आणि पत्ता काय सांगणार, अमक्या बाईंचा व्हरांडा? मग मोठ्या बाई म्हणणार, मुलीला वसतिगृहात टाका, नाहीतर वस्तीजवळच्या शाळेत घाला. आता ज्याची वस्तीच नाही त्यानं काय करायचं त्याचा नियम नाही ना तुमच्याकडं. मी तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही काल त्या बोगस बापाला एवढं समजावून सांगत होतात, पाणी विचारलंत, खुर्ची पुढं केलीत. तुम्हाला शर्टाचं कळल्यावरही तिथं चारचौघांत ओरडला नाहीत. म्हणून तर सगळं सांगून बसलो. खरं म्हणजे एवढं सांगायचं नव्हतं. ठरवलं होतं, पाच वाजेपर्यंत नुसता किल्लीवाल्याच्या बायकोवरच काढायचं, आणखी दोन गोष्टी आहेत तिच्या, एकीत पोलीसही आहे. आजचा हा भिजलेला शर्ट? वाळून कधीच झालाय सर. तुम्ही हसत होतात ना गुडघ्यावर, तेव्हाच वाळला. आणि तांब्या — तुम्हीच विचार करा, वीस वर्षं पाणी शिंपडतोय, हात असा लांब जातो का कुणाचा? तुम्ही समोरून रस्ता ओलांडून येताना दिसलात, तोंड असं, मोठ्या बाईंच्या ऑफिसकडं जाणाऱ्या माणसाचं. म्हटलं, आधी भिजवू, मग बोलू.

घ्या. अजून वेळ आहे, पाचला कमी आहेत काही मिनिटं. कॉलर बघा कशी उभी राहिलीय. जायचं तर जा, अडवत नाही. सांगायचं ते सांगा. फक्त एवढंच की — थांबा. बसा, बसा! आली. ती बघा, रस्त्यापलीकडं, दप्तर चालतंय आणि खाली दोन पाय दिसतायत ना, तीच. सर, गाठोड्यावरून हलू नका. निळ्या काठाच्या चादरी आहेत, कोपऱ्यात तिच्याच पेनाची रेघ आहे एकीवर, लांबून ओळखेल. शर्ट घाला, बटणं लावा, तोंडावर जरा हसू आणा. नको, एवढं नको, सरांसारखं.

ये गं बोचके. ठेव ते ओझं. हो, सरच आहेत. शर्ट भिजला होता त्यांचा. अगं, घाबरतेस काय, उद्या बसायचंय तुला परीक्षेला, त्याचंच बोलत होतो. काय? आजोबा? आज मी कुठं गेलो, दुकान सोडता आलं नाही. पण सर आत्ताच तिकडून आले! तुझ्या घरी गेले होते ना ते पत्ता शोधत. भेटले त्यांना आजोबा. चांगला अर्धा तास बसले होते पलंगाशी. माझ्याकडं काय बघतेस, त्यांना विचार.

सांगा ना तिला, सर. कसे आहेत आजोबा?

नाही, नाही. उठू नका. बसूनच सांगा.